दातवाले वकील

दातवाले वकील नवा माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडात बघत. नाव-गाव नंतर. सनद घेऊन मी कुरखेड्याच्या कोर्टात पहिल्यांदा आले, तेव्हा हातातला चहाचा कप बाजूला ठेवून ते म्हणाले, “हसा बरं, वकीलबाई.” मी मोठ्या वकिलांचा मान राखायचा म्हणून हसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहणी केली आणि निकाल दिला, “पुरे जागेवर आहेत. तुमाले कोणी मारलं तर गंभीरले वाव आहे.”

थट्टेत सांगत, पण कायदा खराच होता. चापट, गुद्दा, ओरखडा ही साधी दुखापत. हाड मोडलं किंवा दात पडला की तीच मारहाण गंभीर दुखापत होते आणि शिक्षा कितीतरी वाढते. या एका दातावर त्यांची निम्मी वकिली चालली होती. उरलेली निम्मी समझोत्यावर.

खुनाच्या केसेस ते घेत नसत. कारण विचारलं तर म्हणत, “मेलेला माणूस समझोत्याले येत नाई.” त्यांची सगळी हयात बांधावरच्या, लग्नातल्या आणि पोळ्याच्या मारामाऱ्यांत गेली. दोन्ही पक्ष कोर्टाबाहेरच्या टपरीवर आणायचे, भजी मागवायची, कोणाच्या आईचा उद्धार झाला तर तेवढ्यापुरतं कानावर हात ठेवायचे आणि दुपारपर्यंत मिटवून टाकायचं. हिवाळ्यात वडशाला नाटक पाहायला गेलो, तर खलनायकानं नायिकेला थोबाडीत मारल्याबरोबर मागून यांचा आवाज आला, “आपसात मिटते हे!” नायिकेला रडता रडता हसू आवरेना.

मंदाबाईची केस त्यांच्याकडे आली ती तिच्या दिराकडून. मंदाबाई विधवा. शेताच्या कडेला मोहाचं एक झाड होतं. ते नवऱ्याच्या वाट्याचं, म्हणून ती तिथं फुलं वेचायला गेली. दिरानं टोपली लाथाडली, तिचा हात पिरगाळला आणि मनगटाचं हाड मोडलं. म्हणजे गंभीर दुखापत. तीही मिटवता येते, पण ज्याला लागलं त्याची संमती लागते आणि कोर्टाची परवानगी. दातवाल्यांना हे पाठच होतं. त्यांनी गावात बैठक ठरवली आणि समझोत्याचा अर्ज लिहायला मला बरोबर घेतलं.

बैठक झकास झाली. दिरानं झाड सोडायचं कबूल केलं. जाणत्या मंडळींनी माना डोलावल्या. चहा झाला, पान झालं. मी अर्ज लिहून काढला. मग दातवाल्यांनी शाईचा डबा मंदाबाईपुढे सरकवला. ती प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बायकांच्या मागे बसली होती.

“मी नाई करत,” ती म्हणाली.

“काऊन बाई? झाड भेटून राह्यलं ना तुले?”

“झाड तं माहंच होतं. हात माहा मोडला, अन् तुमी साऱ्यायले विचारलं. मले कोणी विचारलं?”

“आता विचारूनच राह्यलो ना, बाई!”

“विचारून नाई राह्यले, भाऊ. अंगठा मागून राह्यले.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शाईच्या डब्याचं झाकण लावलं, धोतर झटकलं आणि जाणत्यांना म्हणाले, “बाई नाई म्हणते. उठा आता, मिटिंग संपली.”

दीर भडकला. “वकील माहे का तिचे?”

“तुहाच आहो. म्हणून सल्ला देतो, तिच्या मागं लागू नोको. धमकीचं कलम वाढन.”

सल्ला पुरा व्हायच्या आत दिराचा गुद्दा तोंडावर बसला. दातवाले खाली, आणि शेजारी मातीत त्यांचा समोरचा दात.

माझ्या स्कूटीवर मागे बसून, तोंडाला रुमाल लावून, ते दवाखान्यापर्यंत बडबडत होते. वेदनेपेक्षा आनंदच जास्त होता. “गंभीर! वकीलबाई, गंभीर!” डॉक्टरांपुढे त्यांनी रुमालात जपून आणलेला दात ठेवला. डॉक्टरांनी तो उलटापालटा केला, त्यांच्या तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, “भाऊ, हा बसवलेला दात आहे.”

“मग?”

“खरा नाही. ओठ फुटलाय, तेवढंच लिहितो. साधी.”

“माह्याच तोंडातून पडला ना जी?” त्यांनी पुष्कळ हुज्जत घातली. मी बाहेर जाऊन हसून आले. दुसऱ्यांच्या दातांवर उभी हयात जगलेल्या माणसाचा स्वतःचा दात खोटा निघाला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या कोर्टाला कळलं. कळवलं मीच.

गुद्द्याची तक्रार त्यांनी पोलिसांत दिली आणि दिराचं वकीलपत्र सोडलं. काही दिवसांनी दीर दोन म्हाताऱ्यांना घेऊन टपरीवर आला, पाया पडला. “चुकी झाली, भाऊ. दोन्ही केशी मिटवून टाका.”

“माही मिटवतो,” ते म्हणाले. “ओठ माहा फुटला, माफी मी देतो. तिचा हात माह्या मालकीचा नाई.”

त्यांच्या अर्जावर न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? दातवाले म्हणाले, “साहेब, दबाव टाकण्यातच माहा जलम गेला. माह्यावर कोण टाकते?” न्यायाधीश हसले. दातवाले मात्र हसले नाहीत.

मंदाबाईच्या केसमध्ये सरकारी वकिलांच्या मदतीला मी उभी राहिले. दिराचा नवा वकील तिला उलटतपासात दमात घेत होता. ती न डगमगता सांगत गेली. दिराला शिक्षा झाली, तिला नुकसानभरपाई मिळाली. निकाल ऐकून तिनं मला एवढंच विचारलं, “आता मोहफुलं वेचायले जाऊ ना?” ती गेली. मनगट थोडं वाकडंच राहिलं, पण टोपली ती त्याच हातानं धरायची.

त्यानंतर दातवाल्यांची टपरीवरची पद्धत बदलली. मार खाल्लेल्या माणसाला ते एकट्याला बाजूला नेऊन मिटवायचं का ते विचारत आणि बाकीच्यांना भजी खायला पिटाळत. कितीतरी जण ‘नाई’ म्हणत. पक्षकार कमी झाले. मी काळजी दाखवली तर म्हणाले, “भजी तं खपून राह्यले ना?”

मग नवा कायदा आला आणि सगळ्या कलमांचे आकडे बदलले. त्यांनी ते पुस्तक चाळलं आणि संतापले, “मारणारा तोच, मार तोच. आकडे काऊन बदलवले?” तेच निमित्त करून त्यांनी कोट खुंटीला टांगला. खरं कारण छातीचं दुखणं होतं. ते त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ते गेले त्या आठवड्यात बार रूममध्ये शोकसभा झाली. अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मंदाबाई कुठूनसं ऐकून आली होती. ती दारातच पदर सावरून उभी राहिली. नंतर मी तिच्याजवळ गेले, तर डोळे पुसत ती म्हणाली, “एवढा वेळ सारे चूप? त्यायले नसतं जमलं, बाई.”