मावशीच्या यंत्राला मोटार

माझी मावशी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिला विणकाम सुचवलं. तिनं कोठीच्या खोलीत लेसर बसवला आणि घरच्या घरी स्पेक्ट्रोमीटर उभा केला. डबे-बरण्यांची रवानगी पलंगाखाली झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, एवढंच म्हणाले, "साखर कुठे ठेवलीस ते सांगून ठेव म्हणजे झालं."

यंत्राचं काम समजायला सोपं होतं. लेसरचा ठिपका दगडावर पडायचा, परत येणारा प्रकाश फाकून त्याचा आलेख कॉम्प्युटरवर उमटायचा आणि त्या ठिपक्याखाली कुठलं खनिज आहे ते मावशी सांगायची. मग दगड केसभर सरकवायचा, की पुढचा ठिपका. ओट्याच्या कामातून उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्याचा असा पूर्ण नकाशा करायचा, हे तिनं मनावर घेतलं होतं. दगड सरकवायचं काम काकांकडे. एका स्क्रूनं आडवी ओळ पुरी करायची, मग दुसऱ्याला एक फेरा दिला की नवी ओळ. जन्मभर लेथवर घालवलेला माणूस. सुतभर इकडेतिकडे झालेलं त्यांना खपायचं नाही.

दुपारी जाड पडदा ओढून, अंधारात दोघं बसायची.

"फिरवा."

"फिरवला."

मधेच मावशी म्हणायची, "अहो, या दगडाचे दाणे जरा लांबटच दिसतात."

"असतील," काका म्हणायचे.

बाहेर चहा पिताना मला त्यांचं हसू यायचं. आज त्या दोन आवाजांसाठी जीव तुटतो. काकांची कायम रात्रपाळी, मावशीची दिवसाची नोकरी. सगळा संसार त्यांनी दारातून येता-जाता केला होता. निवृत्तीनंतर कुठे दोघं एका खोलीत बसायला लागली. नकाशा निम्म्यावर आला आणि काका गेले.

मावशीनं हट्टानं एकटीनं करून पाहिलं, पण सारखं उठ-बस करून गुडघे बोलायला लागले. शेवटी मी, म्हणजे प्रिंटर दुरुस्त करून पोट भरणारा तिचा भाचा, भंगारातल्या दोन मोटारी स्क्रूंना जोडल्या. तिची अट एकच होती.

"त्यांच्या निम्म्याला हात लावायचा नाही. तिथून पुढे जोड."

मोटारी कामाला लागल्या. वायर निसटायची म्हणून मला रोज शेजारी बसावं लागायचं. मावशीला आता 'फिरवा' म्हणायचंही काम उरलं नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसायची.

उरलेल्या ओळी संपल्या, पण दगड संपेना. कड यायला हवी तिथे अजून दगडच. कॉम्प्युटरवर काकांचे दाणे लांबट, मोटारीचे गोलसर, आणि मधोमध आलेल्या एका काळ्या दाण्याचे दोन भाग एकमेकांना ओळख देईनात. मी मोटारीला शिव्या घातल्या आणि तिचा फेरा मोजून पाहिला. चोख होता. मग काकांच्या ओळी मोजत मागे गेलो. ओळींच्या मानानं दगड निम्माच सरकला होता. काकांनी प्रत्येक ओळीला अर्धाच फेरा दिला होता.

"मावशी, काका चुकलेत. अगदी पहिल्या ओळीपासून."

"ते? स्क्रू फिरवताना?" ती खळखळून हसली. "चुकतायत कसले! लबाड माणूस." मग तिनं चष्मा काढला. "दुप्पट दुपारी काढून घेतल्या रे माझ्याकडून."

ती रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

जरा वेळानं मी कामाचं बोललो. "त्यांचा भाग कॉम्प्युटरवर आखडून घेतो, सगळं जुळेल. राहिलेला दगड उद्या संपवू."

"आणि मग?"

मी मोटारीची निसटलेली वायर खोचायला लागलो.

"त्यांचं नको आखडू," मावशी म्हणाली. "आपलं पुसून टाक. मोटार अर्ध्या फेऱ्यावर लाव."

"अगं, किती दिवस जातील! मला रोज यावं लागेल."

"कळतंय मला ते," मावशी म्हणाली. "पडदा ओढ."