राघोबाच्या दारची गंज

राघोबाचं नाव काढलं की मी आजबी तोंड फिरवते. आमच्या निंबर्ग्यात त्याच्या दारात कडब्याची गंज होती, रस्त्यावरून दिसावी अशी रचलेली. आता ज्वारी कोण पेरायलंय? जिकडं तिकडं तूर नि सोयाबीन. कडब्याला सोन्याचा भाव. त्याच्या धाकट्या भावाची बायको सुमनबाई, त्याच अंगणात शेजारी राहती, नवरा हैदराबादला कामाला, घरी एकच म्हैस, तीबी गाभण. तिनं दोन पेंड्या मागितल्या तर हा म्हणला, "माझ्या बैलांनी काय माती खायची?" बैल तर मेल्यानं गुदस्ताच विकले! गंज नुस्ती दाखवायला.

सुमनबाई रडत बसली न्हाई. गव्हाचा भुसा आणला. कोरडा भुसा ढोराच्या अंगी लागत न्हाई, म्हणून ढोराच्या डाक्टरनं सांगितलं तसा युरिया मापानं पाण्यात कालवून थराथरावर शिंपडला, तुडवला, वर प्लास्टिक गच्च झाकलं. तीन आठवड्यांनी उघडला तर वास! बसस्टँडच्या मुतारीसारखा, डोळ्यांतून पाणीच.

"अक्का, जरा वारा लागू दे, वास जातोय," ती मला म्हणली. खरंच की! रोज लागंल तेवढा काढून वाऱ्यावर पसरायची, आधी थोडा, मग जास्ती. म्हैस गव्हाण चाटूनपुसून खायली.

अन एक दिवस राघोबाच्या पोराला, शिवराजला बघायला कडगंचीचे पाव्हणे यायचे होते. सुमनबाई पाण्याला गेली तेवढ्यात ह्यानं प्लास्टिक फाडून सगळ्या भुशावर फिनाइल ओतलं! संडास धुवायचं, ते मुक्या जनावराच्या घासावर! छी!

सुमनबाई आली नि तिनं मूठभर भुसा उचलून हुंगला. "भावजी, कामून हो असं केलं? वेतापर्यंत आता हिला काय घालू?"

"पाव्हण्यांम्होरं घाण वास नको," हा म्हणला, नि अत्तर लावत बसला.

पाव्हणे आले. पोरीचा बाप नरसिंगराव ओसरीवर चहा पीत बसले होते. सुमनबाईनं पदर खोचला, सरळ गंजीकडं गेली, पेंडी उपसली, म्हशीम्होरं टाकली. परत गेली, आणखी एक. राघोबाचं तोंड एरंडेल प्यायल्यागत झालं, पण बोलतो कसा?

"भावजयीच्या म्हशीला कडबा? असल्या सालात?" नरसिंगराव बघतच राहिले. "राघोबा, मन लई मोठं तुमचं."

"व्हय की. आपलीच म्हैस हाय," हा म्हणला. निर्लज्ज कुठला!

"मग भावजी, वेतापर्यंत रोज नेते," सुमनबाई पाव्हण्यांदेखत बोलली.

"ने की," राघोबा हसला.

सोयरीक जुळली. म्हैस व्याली, पारडी झाली, गंज तळाला गेली. अन राघोबाच्या मोठ्या मनाचं कौतुक कडगंचीपर्यंत! फिनाइलचा भुसा उकिरड्यावर पडलाय, त्याचं कुणी नाव काढत न्हाई. परवा तर गावानं देवळात सत्कार केला त्याचा. अन ओवाळायला बोलावलं कुणाला? सुमनबाईला!

मी थुंकले. "जाऊ नगंस," म्हणलं.

तिनं आरतीचं ताट उचललं. "जाते की अक्का. चार माणसांम्होरं ओवाळते. पुढल्या सालीबी म्हैस हायच."