पाळण्याच्या रांगेतली चप्पल

रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला मी तोंडावर बोलते. एसटीच्या दारात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. मध्यंतरी भाचीच्या पोरांबरोबर एका मोठ्या वॉटर पार्कात गेले होते. सुट्टीचा दिवस, मुंगी शिरायला जागा नाही, आणि उंच घसरगुंडीच्या जिन्यावर चार धडधाकट माणसं पोरांना कोपरानं बाजूला सारत वर चाललेली. मी त्यांना असं झाडलं की पोरं लाजून लांब जाऊन उभी राहिली. "मावशी, तुला एवढा राग कसला येतो गं?" भाचीनं विचारलं. वय झालं, म्हणून मी विषय मिटवला.

वयाचा त्यात काही संबंध नाही. मी स्वतः एकदा असं पुढं घुसलेय, आणि जिला मागं सारलं तिच्याशी तरी मी तसं वागायला नको होतं. ही गोष्ट मी याआधी दोघीतिघींना सांगितली आहे, पण दर वेळी त्यातली एक बाजू स्वतःच्या सोयीची करून. इथं तसं करणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांची होते. आमचं गाव परंडा तालुक्यातलं. गावापासून कोसभर लांब, माळाच्या पलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई तिथं मातीच्या पाट्या वाहायची आणि मी दगड फोडायला बसायची. मुकादमानं माझं वय दोन वर्षांनी वाढवून मस्टरवर चढवलं होतं, त्याबद्दल आई त्याला देवमाणूस म्हणायची. दुपारी सुकडी मिळायची, सरकारी वाटपातलं भाजलेल्या धान्याचं गोड पीठ. तिची गोडसर धुळीसारखी चव अजून जिभेवर आहे, आणि ती मला आवडायची हेही खरं आहे.

पिण्याच्या पाण्याचा टँकर दिवसातून एकदा यायचा. कधी येईल त्याचा नेम नसायचा. म्हणून सकाळी कामावर आल्या आल्या बायका घागरी रांगेत लावून ठेवायच्या. घागर नसेल तिनं डबा ठेवायचा, डबा नसेल तिनं धोंडा. घागर जागेवर आहे म्हणजे माणूस जागेवर आहे, असा हिशेब. टँकर आला की हजर असेल तिनं आपली घागर सरकवताना शेजारणीचीही पुढं सरकवायची. कामावर बायका कशावरूनही भांडायच्या, एकमेकींचे केस धरायच्या, पण नसलेल्या बाईची घागर कुणी मागं सारल्याचं मी कधी पाहिलं नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. तो सगळ्यांना माहीत होता.

आमच्या टोळीत ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई होती. आईहून थोडी मोठी, आवाज भारदस्त, बोलणं चेष्टेखोर. दगड फोडताना घण बसून तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट चेचलं होतं आणि तिरकंच जुळून आलं होतं. "ह्ये बोट आता कुणाकडं बी दाखवलं तरी शेजारच्याकडंच जातंय," असं म्हणून ती हसवायची. एकदा मला कामावरच ताप भरला. आईनं मला बाभळीखाली निजवलं आणि ती पाट्या टाकायला गेली. टँकर आला तेव्हा या बाईनं माझी घागर रेटत रेटत तोटीपर्यंत नेली, भरली, आणि डोक्यावर घेऊन बाभळीखाली आणून ठेवली. परत जाऊन तिनं स्वतःची लावली तोवर टँकर संपला होता. रिकामी घागर उपडी करून तिनं मला लांबूनच दाखवली आणि म्हणाली, "उद्या येतंय की पानी, माय." लहानथोर सगळ्या पोरींना ती 'माय'च म्हणायची. ती हसत होती. मी तापातच गटागटा पाणी प्यायले. तिला थोडं दे, असं मला सुचलंही नाही. तेव्हा मी लहान होते, म्हणून त्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही.

पुढचं मात्र लहानपणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

नऊ-दहा वर्षांनी मी एका सहकारी कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले होते, टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, कडक इस्त्रीची साडी नेसायला शिकले होते. ऑफिसात माझ्याबरोबर सोलापूरकडच्या दोन मुली होत्या. घरून डब्यात पोळ्या आणायच्या, बोलणं स्वच्छ. त्यांनी आपल्या मनानं धरलं होतं की आमची बागायत आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. मी तसं कधी म्हणाले नाही, पण खोडूनही काढलं नाही. मी दगड फोडले आहेत, सुकडीच्या रांगेत वाटी घेऊन उभी राहिले आहे, हे त्यांना कळू नये म्हणून मी बोलताना फार जपायची. बोलण्यात 'लई' येऊ नये म्हणून सुद्धा जपायची.

त्या हिवाळ्यात माझ्या गावाशेजारच्या गावची यात्रा भरली, तेव्हा हेडक्लार्कनी टूम काढली की सगळ्यांनी कारखान्याच्या जीपमधून जायचं. पाऊसपाणी बरं झालेलं साल होतं. बैलगाड्या, एसटी, ट्रॅक्टर, लोक नुसते लोटले होते. आम्ही हॉर्न वाजवत थेट गर्दीत शिरलो. बायकापोरं बाजूला उडत होती आणि जीपमधली आमची तरुण मंडळी उसाची चिपाडं बाहेर भिरकावत होती. रसवाल्याकडं, भज्याच्या गाड्यावर, जिथं जाऊ तिथं एकच वाक्य: "कारखान्याची माणसं आहोत." लोक उठून जागा द्यायचे. मला ते आवडत होतं. मीही हसत होते, जरा मोठ्यानंच.

यात्रेत त्या वर्षी पहिल्यांदा इंजिनावर चालणारा लोखंडी आकाशपाळणा आला होता. आधी असायचा तो हातानं ओढायचा, चार पेट्यांचा लाकडी. हा देवळाच्या शिखराहून उंच होता आणि टेकाडावर उभा केल्यामुळं आणखीच उंच वाटत होता. बायकांची रांग वेगळी होती. रांग कसली, निम्म्या जागी माणसंच नव्हती. चपला होत्या, पिशव्या होत्या, एकीनं धोंड्यावर फडकं ठेवलं होतं. बायका लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या आणि पुढं सरकणाऱ्या बायका पायानं हळूच त्या चपला पुढं सरकवत होत्या.

मला ते बघताक्षणी कळलं. त्या गर्दीत आमच्यापैकी फक्त मलाच कळलं असणार.

"अय्या, चपलांची रांग," सोलापूरची एक जण म्हणाली आणि दोघी हसल्या. हेडक्लार्क मला म्हणाले, "बाई, तुम्ही व्हा पुढं. बायकांत तुम्हाला कोण अडवणार?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुढं गेले. अगदी फाटकाजवळ टायरच्या तळव्याच्या दोन चपला होत्या. मी त्या पायानं रांगेबाहेर सारल्या आणि तिथं उभी राहिले. माझ्यामागं त्या दोघी येऊन उभ्या राहिल्या.

"माय, त्या चपला माझ्या हायत. नंबर हाय माझा."

मी दर वेळी असं सांगत आले की आधी मी तिला ओळखलं नाही, नंतर तिचं तिरकं बोट दिसलं तेव्हा ओळखलं. ते खोटं आहे. 'माय' या शब्दालाच मी ओळखलं. मान वळवायच्या आधीच. वळून बघितलं तेव्हा ती बरीच वाळलेली दिसली, केस पांढरे झालेले, पण तीच होती.

"रांगेत माणूस लागतं," मी म्हणाले. "चपला चालत नाहीत." ऑफिसात अर्ज परत करताना काढायची तसा आवाज मी काढला.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग माझ्या मागच्या दोघींकडं, हेडक्लार्ककडं बघितलं. "सकाळधरनं हाय बगा मी," ती म्हणाली. ती मला अहोजाहो करत होती. "पाळन्याची हौस न्हाय मला. पर वर गेलं की माळाच्या पल्याडचा तलाव आख्खा दिसतो म्हनत्यात, चंद्रकोरीगत. माती टाकली, दगडं फोडली, पर आख्खा असा कदी बगितला न्हाय. एक डाव बगायचा हाय."

"आवो बसू द्या की तिला," मागून एक बाई म्हणाली. "तिचाच नंबर हाय त्यो."

"ए बाई, सरक मागं. गोंधळ नको," हेडक्लार्क म्हणाले. आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे केलेलं मी ऐकलं आणि पदराशी चाळा करत राहिले. मी एक शब्द बोलले असते तरी ते गप्प बसले असते, कारण माणूस तसा भित्रा होता. पण बोलले असते तर ही कोण, असं त्यांनी विचारलं असतं. तिनं वाकून चपला उचलल्या आणि ती कुंपणाच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

आम्ही पाळण्यात चढत होतो तेवढ्यात आमच्या जीपमधली पोरं दोरीवरून उडी मारून आत आली. त्यांचं बघून दुसरी वीसएक आली. दोघांच्या पेटीत चौघं कोंबले गेले, कुणी दांड्याला लोंबकळलं, पाळणावाल्याला शिव्या झाल्या. तो बिचारा घामानं निथळत होता. त्यानं ओरडून सांगितलं की एवढी फेरी झाली की पाळणा बंद, यात्रा उठेपर्यंत बंद. "तुम्हाला जीव नको असंल, मला पायजे."

माझा एक पाय तेव्हा अजून फळीवर होता. मला उतरता आलं असतं. ती दहा पावलांवर उभी होती, तिला बोलावून माझ्या जागी बसवता आलं असतं, शेवटची फेरी तिची झाली असती. मी दुसरा पाय आत घेतला.

पाळणा वर जाऊ लागला आणि मी डोळे मिटले. दोनतीन चकरा झाल्या. मग खालची माणसं उतरवायला पाळणा थांबला, तेव्हा आमची पेटी नेमकी सगळ्यात वर होती. ती चांगली पाच मिनिटं तिथंच झुलत राहिली. शेजारची म्हणाली, "ते बघ किती पाणी आहे तिकडं. डोळे उघड ना." मी उघडले नाहीत. भीती वाटत होती, पण एवढीही नव्हती. उघडले असते तर तलाव दिसला असता, आणि तो बघायला मला तोंड नव्हतं.

खाली उतरले. आमची मंडळी रसाच्या गाड्याकडं निघाली. मी मागं राहिले, कारण माझी चप्पल निसटली होती. मान वर केली तर ती समोर.

"दिसला का?" तिनं विचारलं.

"दिसला."

"आख्खा?"

"हो."

"चंद्रकोरीगतच हाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "तसाच आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मी नजर काढून घेतली. तिनं जीपवाले किती लांब गेलेत ते एकदा पाहिलं आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आई बरी हाय का गं? तिला सांग, म्या इचारलंय म्हनून. आन तलाव कसा दिसतो ते बी सांग. तिनं लई पाट्या टाकल्यात तितं."

म्हणजे तिनंही मला ओळखलं होतं. रांगेतच ओळखलं होतं. माझ्याबरोबर कोण आहेत ते बघून ती गप्प राहिली होती, परक्यासारखं अहोजाहो करत होती, माझी अब्रू झाकत होती. ते तिरकं बोट तिनं माझ्या दंडावर टेकवलं. मी म्हणाले, "आमची गाडी सुटतेय," आणि निघाले. आम्हाला निघायला अजून तासभर होता.

शनिवारी गावी गेले. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. निरोप गिळून टाकावा असं वाटेत मी ठरवलं होतं, पण तेवढं तरी करावं म्हणून सांगितला. आई थापायची थांबली. "व्हय? भेटली तुला?" मग तिनं तलावाचं विचारलं. मी सांगितलं, वरून आख्खा दिसतो, चंद्रकोरीसारखा, पाणी चमकतं. आईनं दोनदा सांगायला लावलं. तिच्या हातांना पीठ तसंच वाळत होतं. माझ्या डोळ्यांनी तिनं तो तलाव बघून घेतला, आणि ते डोळे मिटलेले होते.

"आन तिनं बगितला का?" आईनं विचारलं. "बसली का ती पाळन्यात?"

"बसली," मी म्हणाले.

"मग बरं झालं," आई म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.