तिसरी ताटली

आज खारवलेली सुरमई पाण्यात भिजत घातली आणि त्या वासासरशी अल अझीझियातला आमचा जुना फ्लॅट आठवला. समोरच्या दारात लुर्देस राहायची, पोर्तुगालहून एकटीच दोह्याला नोकरीला आलेली नर्स. नाताळ जवळ आला की तिच्याकडे खारा मासा असाच भिजत असायचा आणि मला मालवणात गेल्यासारखं वाटायचं.

एका नाताळाच्या संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. उकडलेला मासा, बटाटे, कोबी. आम्ही दोघीच, पण टेबलावर ताटल्या तीन. मी तिसऱ्या माणसाची वाट बघत बसून राहिले.

"कुणी येणार नाहीये," ती म्हणाली. "आज आमच्याकडे घरातल्या वारलेल्यांसाठी एक ताटली मांडतात. ही मात्र आईची."

"आई कधी गेली?"

"आहे की, गावी. आत्ता तीही माझी ताटली मांडत असेल."

जिवंत माणसाचं असं मांडतात? माझ्या अंगावर काटाच आला होता.

आता आमची लेक सई कॅनडात असते. मघाशी कालवण झाल्यावर मी ताटं घेतली.

"कोण येणार आहे?" ह्यांनी विचारलं.

मी तिसऱ्या ताटात सईच्या आवडीची शेपटीकडची तुकडी वाढली.