एकच धोतर

लढाईची वर्षं होती. कापड रेशनवर मिळायचं, आणि आमच्या जतसारख्या कोरड्या मुलखात तेही वेळेवर यायचं नाही. सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा माझ्याजवळ दोन धोतरं होती. दिवाळीआधीच त्यातलं एक विरलं आणि मधोमध फाटलं.

उरलेलं धोतर आठवडाभर नेसायचं आणि रविवारी धुवायचं. रविवारी सकाळी बोर्डिंगमधली पोरं कृष्णेवर पोहायला जात. ती गेली, की फाटक्या धोतराचा तुकडा कमरेला गुंडाळून मी विहिरीवर जाई, धोतर पिळून आणी, खोलीतल्या दोरीवर टाकी आणि दाराला कडी लावून घोंगड्यात बसून राही. कुणी हाक मारलीच, तर आतूनच सांगे, "अभ्यास हाय."

हळूहळू त्यांनी हाका मारणं सोडलं. सांगलीसारखंच जतही तेव्हा संस्थान होतं, त्यात मी असा कुणात न मिसळणारा, म्हणून पोरांनी माझं नाव 'संस्थानिक' ठेवलं. "संस्थानिक आपल्यात कशाला मिसळतील?" असं भिंतीपलीकडून ऐकू येई. पंगतीत माझ्या शेजारचा पाट रिकामा राहू लागला. वाईट वाटे, पण आतून बरंही वाटे. गर्विष्ठ म्हणू देत. खरं कारण कळण्यापेक्षा ते परवडलं.

शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचा एक दांडगा पोरगा होता. त्याचे दोन चुलते पलटणीत होते. त्यांच्यातल्या एकाचा खाकी कोट तो भर उन्हातही अंगातून काढत नसे. मला वाटे, काय ही ऐट!

संक्रांत होऊन गेली होती. एका रविवारी तोच नदीच्या अर्ध्या वाटेवरून चार-पाच जणांना घेऊन माझ्या दारावर परत आला.

"आरं गड्या, उघड की! आज तुला न्हेल्याबिगार आमी जात न्हाई."

मी घोंगडं अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतलं. त्यानं थट्टेनंच खांदा लावला, आणि जुनी कडी उखडून दार सताड उघडलं. समोर मी घोंगड्यात, घामानं निथळलेला. वर दोरीला माझं धोतर, आणि खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि एकदम थांबलं. ते थांबणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"ताप आलाय," मी कसंबसं म्हणालो.

त्यानं जवळ येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला. मग दोरीकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"व्हय, लय ताप हाय ह्याला," तो मोठ्यानं म्हणाला. "चला भाईर समदे." सगळ्यांना ढकलत त्यानं बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

त्या दुपारी मी जेवायला गेलो नाही. कॉलेज सोडावं, सरळ गावी निघून जावं, असं वाटलं. पण निघायलासुद्धा आधी धोतर वाळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तो खोल्याखोल्यांतून ओरडत फिरला. "आजपास्नं समद्यांनी धोतरं नदीवर धुवायची! वाळंस्तवर पवायचं. जो येणार न्हाई त्याला उचलून न्हेईन!"

पोरं कुरकुरली, पण गेली. मलाही जावंच लागलं. घाटाच्या पायऱ्यांवर धोतरंच धोतरं पसरली, कडांवर दगड ठेवलेले, आणि सगळे लंगोटावर पाण्यात. सगळ्यांना ठाऊक होतं हे कशासाठी चाललंय. माझ्या धोतराकडं कुणी बघत नव्हतं, आणि त्या न बघण्यानं माझे कान तापत होते. त्यात मला पोहताही येत नव्हतं. आमच्याकडं प्यायला पुरेल एवढं पाणी असलं तरी खूप. दोघांनी पोटाखाली हात धरून मला तरंगवलं. मी नाकातोंडातून पाणी ओढलं, पण बाहेर निघालो नाही.

नंतर तो पायरीवर सदरा पिळत बसला होता, तेव्हा मी विचारलं, "हे माझ्यापायी केलंस न्हवं?"

त्यानं सदरा झटकून दगडावर पसरला. कॉलर होती, पुढची बाजू होती, पाठ नव्हतीच.

"तुझ्यापायी कशाला रं?" तो म्हणाला. "माझं कोटाखाली झाकतंय, एवढंच."

मला पुन्हा लाज वाटली, पण ही निराळी होती. इतके महिने मी समजत होतो, की सगळ्या बोर्डिंगात असा मी एकटाच.

पंगतीत मग माझ्या शेजारी कुणी ना कुणी बसू लागलं. संस्थानिक हे नाव राहिलं, पण आता ते तोंडावर, हाक म्हणून.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे सगळं आईला गमतीनं सांगितलं. ती भाकरी थापत होती. दार उघडल्याच्या गोष्टीपाशी तिचा हात थांबला.

"समद्यांनी बघितलं?"

"व्हय. पण पुढं ऐक तरी—"

तिनं पदर तोंडाला लावला. नदीचं, पोहण्याचं मी बरंच सांगत राहिलो. तिच्या कानांपर्यंत काही गेलं नसावं. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "त्यास्नी एकदा जेवायला घिऊन ये."

मे महिन्यात साताऱ्याचा तो आणि त्या रविवारी दारात असलेले आणखी दोघे आले. आईनं दाण्याचं कूट नि गूळ भरून शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. तो "आई, आणखी एक वाढा," म्हणत पोटभर जेवला. आई आग्रह करकरून वाढत होती, पण तिघांपैकी एकाच्याही तोंडाकडं तिनं मान वर करून बघितलं नाही.