हाताला लागेल असं नाव

"नाव खोल टाका जी भाऊ. डोये मिटून हाताले लागलं पाह्यजे."

मी भांड्यावर नाव कोरून यंत्र बंद केलं, की त्या खरोखरच डोळे मिटत आणि अक्षरांवरून बोट फिरवत. बोटाला लागलेला भुगा पदराला पुसून म्हणत, "हां. आता झालं माह्यं."

महागावच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, घरात माणसं तीन आणि भांडी अख्ख्या पंगतीची. आम्ही दुकानदार अशा गिऱ्हाइकाला तोंडावर लक्ष्मी म्हणतो आणि पाठ वळली की गालात हसतो.

त्यांचे यजमान जिनिंगवर मुनीम. कापूस मातीमोल झाला तरी मुनिमाचा पगार निघत असे. बाईंना बिजवराला दिलेलं. पहिली बायको एक मुलगा मागे ठेवून वारली होती. तो ह्यांना शेवटपर्यंत मावशीच म्हणाला. ह्या लग्न होऊन आल्या, तर चुलीजवळच्या परातीपासून देवापुढच्या ताम्हणापर्यंत सगळ्यावर पहिलीचं नाव. भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण दुसऱ्या बाईचं नाव रोज राखेने घासून लख्ख करायचं म्हणजे काय, ते घासणारीलाच ठाऊक.

म्हणून त्या भांडी घेत. दिवाळीला, पोळ्याला, काहीच नसलं तरी. घरी नेऊन कागदात गुंडाळून फळीवर ठेवत.

"वापरा की बाई," मी म्हणायचो.

"वापरीन ना. घर माह्यं झालं का काढतो."

एकदा त्या पितळेचा गुंड घेऊन आल्या. मुनीमजी पिण्याचं पाणी याच गुंडातलं घेत. पहिलीचं नाव त्यावर जुन्या पद्धतीने ठोकलेलं होतं.

"हे घासून निंघते काय?"

"निघतं. चाकावर धरलं की गेलं."

त्या गुंड मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "काल माह्या लोट्यातलं पाणी देल्लं त्याईले. म्हणे, लोखंडाचा वास येते." मग एकदम उठल्या. "राहू द्या. त्याईले समजन." आणि रिकामा गुंड कमरेवर घेऊन उन्हात चालू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

पण नुसती कीव करावी अशाही त्या नव्हत्या. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाया लग्नातली भांडी मोडीत घालायला माझ्याकडे येऊ लागल्या. एका दुपारी तांड्यावरची एक बाई डब्यांचा संच घेऊन आली. आमच्या बाईंनी तो तिथल्या तिथे उचलला आणि मला म्हणाल्या, "हे नाव काढा. माह्यं टाका."

ती तांड्यावरची अजून पायरीवरच बसलेली. चाक फिरू लागलं तशी ती उठली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी संतापलो. "अहो बाई, ती जाईपर्यंत तरी थांबायचं होतं!"

"मी रोज दुसरीचं नाव घासतो भाऊ. माह्यासाठी कोण थांबलं?"

मी नाव टाकलं. खाली जुन्या नावाची पुसट खूण राहिली होती, तरी त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि "हां" म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून तिटकारा आला.

पुढे एका पावसाळ्यात त्या तापाने गेल्या. तो एक लोटा सोडला तर फळीवरचा एकही कागद सुटला नव्हता.

चार-सहा दिवसांनी मुलगा पोतं घेऊन दुकानात आला. आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं वाटतात.

"काका, मावशीचे भांडे हायेत. नाव तं हायेच यावर, पुढं नुसतं कै. टाकून द्या. नवे कायले घ्या?"

टाकलं. धंदा आहे. बाईंना नाव नेहमी मधोमध लागायचं, त्यामुळे 'सौ.'च्या अगोदर तेवढी जागा सगळीकडे निघाली.

तेरवीला मुनीमजी ओसरीत बाजेवर बसून होते. पंगत उठली तशी एकेकाच्या हातात डबा, ताटली, वाटी पडत गेली. लोक नाव न वाचताच पिशवीत टाकत होते. मला त्या घराचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. शेवटी एक लोटा उरला, तो मुलाने माझ्यापुढे धरला.

"हा घरी ठेव बाबा," मी म्हणालो. "तिच्या नावाचं एक तरी राहू दे."

"कायले काका?" तो म्हणाला. "घरी भांडे हायेत ना."

लोटा माझ्या हातात देऊन तो आत गेला. गुंडातलं पाणी ओतून त्याने बापाला आणून दिलं.