एका घरात दोन कंपन्या

माझी ताई आणि भावोजी भांडता भांडता नवरा-बायको झाले. ताई कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघायची. भावोजी त्या कार्डांवरची चिप पुरवणाऱ्या बड्या कंपनीचे, खास या एका कारखान्यासाठी आमच्या शहरात नेमलेले. चिपांचा माल उशिरा आला की ताई सगळ्या लाइनसमोर त्यांना फैलावर घ्यायची. लाइनवरच्या बायका म्हणायच्या, "अगं, एवढं तर नवऱ्याशीही कुणी भांडत नाही." मग झालाच नवरा.

लग्नानंतर दोघांनी घरात ऑफिसचा विषय बंद केला. जेवताना फोन वाजला की ज्याचा असेल त्याने गॅलरीत जायचं आणि दार ओढून घ्यायचं. मी त्यांच्याकडेच राहायचे. मला मेलीला ह्या नाटकाचं हसू यायचं.

एके दिवशी ताई दुपारीच घरी आली आणि चपला न काढता तशीच स्वयंपाकघरात येऊन बसली. मी कांदा चिरत होते.

"मालक चिपवाल्यांशी संबंध तोडतोय," ती म्हणाली. "कायमचे. कार्डंच बंद."

चिपवाले शेवटच्या घटकेपर्यंत भाव सांगायचे नाहीत, आणि कारखान्याचं कार्ड बाजारात आलं की स्वतःचंच कार्ड स्वस्तात विकायला काढायचे. मालकाने किती वर्षं सोसायचं? पण हे त्याने मोजक्याच माणसांना सांगितलं होतं. बाहेर फुटलं असतं तर चिपवाल्यांनी वाटेतला माल अडवला असता आणि लाइन तिथल्या तिथे घरी बसली असती.

"आणि भावोजी?" मी विचारलं.

तिचा चेहरा बघवेना. भावोजींना त्यांच्या कंपनीने मुख्य ऑफिसात बदली देऊ केली होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि ते नाही म्हणणार होते, दरवेळी म्हणायचे तसंच. "हा कारखाना आहे तोवर मला इथून कोण हलवतंय?" असं म्हणायचे. कारखान्यातलं चिपांचं काम संपलं की त्यांची खुर्चीही संपली, एवढं मला न शिकवता कळलं.

"मग सांग की त्यांना! वाट कसली बघतेस?"

"त्याला कळलं तर त्याच्या साहेबाला सांगणं त्याला भाग आहे. मग त्या लाइनवरच्या बायकांचं काय? आणि मालकाने मला पॅकिंगच्या टेबलावरून वर आणलंय गं."

"खड्ड्यात गेला तुझा मालक!"

"हळू बोल," ती म्हणाली, आणि मला गप्प राहायची शपथ घातली.

रविवारी तिने खरं सोडून सगळं सांगून पाहिलं. मुख्य ऑफिसचं शहर चांगलं आहे, इथे जीव कंटाळला, हवा मानवत नाही. भावोजी चहा पीत ऐकत होते.

"आणि तुझी नोकरी?"

"सोडीन."

भावोजींनी कप खाली ठेवला. ताई तो कारखाना सोडणार? ताप अंगात असताना कामावर जाणारी बाई! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

"तुझ्या पाया पडते, पण ह्या वेळी हो म्हण," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

भावोजींनी का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. टॉवेलने तिचं तोंड पुसलं, "बघू" म्हणाले. सोमवारी साहेबाला "नाही" असं कळवून मोकळे झाले. मला असा संताप आला! म्हटलं, हा माणूस आहे की धोंडा?

पुढे माल संपला. चाचणीच्या खोलीत कार्डं दिवसभर तापवत ठेवलेली असायची, पंख्यांचा नुसता घोंगाट. मालकाने ते सगळे बंद करवले आणि सांगून टाकलं. काही जणांना कारखान्याच्या दुसऱ्या, पॉवर सप्लाय बनवणाऱ्या विभागात घेणार, बाकीच्यांनी हिशेब करून जायचं. एका बाईने सवयीने ताईला विचारलं, "मग उद्या किती कार्डं लावायची?"

त्याच आठवड्यात भावोजींनाही नारळ मिळाला. बदलीची जागा केव्हाच भरली होती.

ते घरी येऊन बसले तेव्हा ताई समोर जाऊन उभी राहिली. "मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही. काय बोलायचं ते बोल."

"मलाही माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू नोकरी सोडीन म्हणालीस तेव्हापासून."

"मग हो का नाही म्हणालास रे?"

"कायम नाही म्हणणारा एकाएकी हो म्हणाला, तर साहेबाला वास लागला नसता? माझी बायको कुठे काम करते ते त्याला माहीत आहे. माल अडला असता आणि नाव तुझं आलं असतं." ते तिच्याकडे बघायचं टाळत होते. "म्हटलं, माझी जाईल ती जाईल. तुझी तरी राहील. मालक तुला पॉवर सप्लायला घेईलच."

ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मालकाने सगळ्यांत आधी मलाच काढलं," ती म्हणाली. "त्या विभागाला त्यांची नियोजनवाली आहे."